अस्तर उसवलेली महाधमनी: थोडी शिवायची, थोडी आतून सांधायची

"चार वर्षांपूर्वी एवढं मोठं ऑपरेशन झालं, छाती उघडली, नळी बदलली. मग आता पुन्हा कशाला?"

महाधमनीच्या रुग्णांचे नातेवाईक हा प्रश्न हमखास विचारतात. पहिल्या वेळी मध्यरात्रीची धावपळ असते. सही कशावर केली तेही कुणाला आठवत नसतं; माणूस वाचला, एवढंच लक्षात राहिलेलं असतं. मग काही वर्षांनी तपासणीसाठी सीटी काढतात आणि रिपोर्टमध्ये येतं की छातीतली धमनी फुगून सहा सेंटिमीटर रुंद झाली आहे. डॉक्टर सांगतात, पुन्हा शस्त्रक्रिया लागेल, आणि तीही दोन तऱ्हांची. काही काम छाती उघडून, काही काम जांघेतून तार घालून. ऐकणारा गोंधळतो. त्याला वाटतं, दोन्हीपैकी एक काय ते करा ना.

मी भूलतज्ज्ञ आहे. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी रुग्णाच्या घरच्यांशी बोलायचं काम बऱ्याचदा माझ्याकडे येतं. तेव्हा कागदावर चित्र काढून जे सांगतो, तेच इथे सविस्तर लिहितो आहे.

बाही आणि अस्तर

अस्तर लावलेला जुना कोट आठवा. खांद्यापाशी अस्तर उसवलेलं असलं, तर बाहीत घातलेला हात अस्तर आणि कापड यांच्या मधे शिरतो. जोर लावून पुढे ढकलला, तर अस्तर आणखी सुटत जातं. बाही बाहेरून धड दिसते, पण हात भलत्याच पोकळीत असतो आणि खरी वाट चेपून गेलेली असते.

महाधमनीचं हेच होतं. हृदयाच्या डाव्या कप्प्यातून निघणारी ही शरीरातली सर्वांत मोठी रक्तवाहिनी. ती आधी वर चढते, छत्रीच्या मुठीसारखी वळते, मग मणक्याला लगटून छातीतून पोटात उतरते आणि बेंबीच्या आसपास दोन्ही पायांसाठी दुभंगते. वळणावरून मेंदूच्या आणि हातांच्या फांद्या फुटतात. पोटात यकृत-जठर, आतडी आणि दोन्ही मूत्रपिंडांच्या. तिच्या भिंतीला तीन थर असतात. आत पातळ, गुळगुळीत अस्तर, मधे लवचीक धाग्यांचा जाड थर आणि बाहेर चिवट आवरण. अस्तराला चीर गेली की रक्त मधल्या थरात घुसतं आणि हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी थर सोलत पुढे जातं. याला डिसेक्शन म्हणतात. एका नळीच्या दोन नळ्या होतात. मूळची ती खरी पोकळी, नव्याने तयार झालेली ती खोटी पोकळी, आणि दोन्हींच्या मधे सुटलेल्या अस्तराचा पडदा.

याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे वर्षानुवर्षं वाढलेलं आणि दुर्लक्षलेलं बीपी. काहींच्या धमनीतले धागेच जन्मतः कच्चे असतात. मारफान सिंड्रोम हे त्याचं ठळक उदाहरण.

इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज २५ ऑक्टोबर १७६० रोजी सकाळी शौचाला गेला आणि तिथेच कोसळला. त्याचे वैद्य फ्रँक निकल्स यांनी शवविच्छेदन केलं, तेव्हा हृदयाभोवतीची पिशवी रक्ताने गच्च भरलेली होती, आणि महाधमनीच्या आतल्या बाजूला आडवी चीर होती. त्या चिरेतून रक्त बाहेरच्या थराखाली शिरलं होतं. या आजाराच्या अगदी सुरुवातीच्या स्पष्ट नोंदींमध्ये ही नोंद धरली जाते. त्या काळी कुणाला काही करता येण्यासारखं नव्हतं.

आज रुग्ण आला की पहिला प्रश्न असतो, डिसेक्शन कुठल्या भागात आहे? हृदयातून वर चढणाऱ्या भागात डिसेक्शन असेल तर तो 'ए' प्रकार. तो भाग वाचला असेल आणि आजार वळणापलीकडे उतरणाऱ्या भागात असेल तर 'बी' प्रकार. ही विभागणी १९७० साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डॉक्टरांनी केली आणि अजून टिकून आहे, कारण निर्णय तिच्यावरच ठरतो. 'ए' म्हणजे ताबडतोब छाती उघडणं. 'बी' असेल आणि कुठल्या अवयवाचा रक्तपुरवठा अडला नसेल, धमनी फुटायच्या बेतात नसेल, तर आधी औषधांनी बीपी आणि नाडी खाली आणणं.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच मिळतं. 'ए' प्रकारात मध्यरात्रीची शस्त्रक्रिया जीव वाचवण्यासाठी असते. शल्यविशारद वर चढणारा भाग कापून तिथे कापडी नळी शिवतो, कारण तोच भाग फुटला की माणूस जातो. पण अस्तर तर कधी कधी थेट पोटापर्यंत सुटलेलं असतं. ते सगळं त्या रात्री दुरुस्त करायला गेलं तर रुग्ण टेबलावरच दगावेल. म्हणून खालचा भाग तसाच सोडला जातो. त्यात चूक काही नसते, पण उरलेलं काम मागे राहतं.

नव्वद दिवसांनंतर

पहिले चौदा दिवस आजार 'ॲक्यूट' धरतात. नव्वद दिवस उलटले की तो 'क्रॉनिक', म्हणजे जुनाट. ही सीमारेषा कॅलेंडरवर काढलेली असली तरी तिच्यामागे शरीरात घडणारा खरा बदल आहे.

नवा पडदा ओल्या कागदासारखा असतो. पातळ, हलणारा. आतून हलका दाब दिला तर पुन्हा भिंतीला जाऊन चिकटतो. महिने जातात तसा तो जाड होतो, त्यात चिवट तंतू भरतात, आणि शेवटी तो वाळलेल्या चामड्यासारखा ताठ होतो. मग त्याला ढकलून जागेवर बसवणं अवघड. शिवाय त्याला एकच भोक नसतं. वरच्या मूळ चिरेतून रक्त खोट्या पोकळीत शिरतं, आणि खाली जिथे जिथे फांद्या फुटतात तिथे पडदा तुटून आणखी भोकं पडलेली असतात. तिथूनही रक्त ये-जा करतं.

खोट्या पोकळीची बाहेरची भिंत अर्धवट जाडीची असते, कारण मूळ भिंतीतला काही भाग पडद्याबरोबर निघून गेलेला आहे. त्या पातळ भिंतीवर पूर्ण दाबाचं रक्त वर्षानुवर्षं आदळतं आणि ती हळूहळू फुगत जाते. फुगा फुगवताना पहिल्या दोन फुंका जड जातात आणि मोठा झाल्यावर तो सहज फुगतो, हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय. धमनीचंही तसंच आहे. रुंदी वाढली की त्याच बीपीला भिंतीवरचा ताण वाढतो. म्हणून छातीत उतरणारी महाधमनी, जी साधारण अडीच सेंटिमीटरची असायला हवी, ती साडेपाच-सहा सेंटिमीटरपर्यंत गेली किंवा वर्षभरात एक सेंटिमीटरने वाढली, की डॉक्टर थांबायला तयार नसतात. मारफानसारखा आजार असेल तर त्याआधीच.

यातली सर्वांत अडचणीची गोष्ट वेगळीच आहे. इतक्या वर्षांत शरीराने या खोट्या पोकळीशी जुळवून घेतलेलं असतं. एखादं मूत्रपिंड, कधी आतड्यांची फांदी, खोट्या पोकळीतूनच रक्त घेत असते. त्यामुळे 'खोटी पोकळी बंद करून टाका' असं सरसकट म्हणता येत नाही.

शिंप्याचं काम

उघडून करायची शस्त्रक्रिया हे मुळात शिंप्याचं काम आहे, आणि हे मी शब्दशः म्हणतोय. अमेरिकेतल्या ह्यूस्टनचे शल्यविशारद मायकेल डबेकी १९५० च्या दशकात कृत्रिम धमनीसाठी कापड शोधत एका दुकानात गेले. त्यांना नायलॉन हवं होतं, ते संपलं होतं, म्हणून त्यांनी डेक्रॉन नावाचं नवं कापड घेतलं आणि पत्नीच्या शिलाई मशीनवर स्वतः नळ्या शिवल्या. आजही महाधमनीच्या जागी जी नळी शिवतात ती त्याच जातीच्या पॉलिस्टर कापडाची असते. डिसेक्शनवरची सुरुवातीची यशस्वी शस्त्रक्रियाही डबेकींच्याच चमूने केली. आणि २००५ च्या ३१ डिसेंबरला, वयाच्या ९७ व्या वर्षी, त्यांनाच महाधमनीचं डिसेक्शन झालं. फेब्रुवारी २००६ मध्ये त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली, ते सावरले आणि २००८ पर्यंत जगले.

शिवलेली नळी भक्कम असते. ती सरकत नाही, तिच्या कडेने रक्त झिरपत नाही, आणि धागे जन्मतः कच्चे असलेल्या तरुण रुग्णांसाठी तोच मार्ग आजही सर्वांत भरवशाचा मानला जातो. पण छातीपासून पोटापर्यंतची सगळी धमनी उघडून बदलायची, तर चिरा डाव्या खवाट्याखालून पोटापर्यंत जातो. डावं फुप्फुस बाजूला करावं लागतं. धमनीला चिमटा लावला की त्याखालच्या अवयवांचं रक्त थांबतं. मूत्रपिंडं बसू शकतात, आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला रक्त कमी पडलं तर दोन्ही पाय लुळे पडू शकतात. साठीतल्या, बीपी असलेल्या, एकदा छाती उघडून झालेल्या माणसाला हा भार फार मोठा होतो.

आतून नवं अस्तर

दुसरा मार्ग म्हणजे जांघेतल्या धमनीतून तार वर न्यायची आणि तिच्यावरून मिटलेल्या छत्रीसारखा कापड लावलेला स्टेंट, म्हणजे धातूच्या जाळीची नळी, सरकवून हव्या त्या जागी उघडायचा. आजच्या युक्रेनमधल्या खार्किव्हमध्ये निकोलाय व्होलोडोस यांनी १९८७ साली छातीतल्या महाधमनीत असा स्टेंट बसवला होता, पण ते लिखाण रशियनमध्ये असल्याने पश्चिमेत फारसं कुणाला कळलं नाही. १९९० मध्ये ब्यूनोस आयरिसला हुआन परोडी यांनी पोटातल्या महाधमनीत तो बसवला. १९९९ मध्ये डिसेक्शनसाठी त्याचा वापर झाल्याचे दोन अहवाल एकाच वेळी प्रसिद्ध झाले, आणि उपचारांची दिशा बदलली.

पडदा नवा असताना हे तंत्र छान चालतं. मूळ चीर झाकली की खोट्या पोकळीत रक्त यायचं थांबतं, तिथे गुठळी होते, आणि पडदा भिंतीकडे सरकतो. जुनाट आजारात मात्र तीन अडचणी समोर येतात. स्टेंटला पकड घेण्यासाठी दोन-एक सेंटिमीटर निरोगी, सरळ भिंत लागते. वळणावर ती मिळत नाही, आणि तिथेच मेंदूच्या फांद्या असतात. पडदा चामड्यासारखा झालेला असल्याने स्टेंट पुरेसा उघडत नाही. आणि वरची चीर बंद केली तरी खालच्या भोकांतून रक्त उलटं वर चढतं, म्हणून फुगवटा तसाच राहतो.

वरच्या टोकाला शिवण भक्कम पडते, पण ती खालपर्यंत न्यायची तर किंमत फार. खालच्या भागात स्टेंट सहज पोचतो, पण वर त्याला पाय रोवायला जागा नाही. दोन्ही एकत्र का आणावे लागले, ते इथे उलगडतं.

हत्तीची सोंड

या जोडणीची मूळ कल्पना स्टेंटच्या आधीची आहे. जर्मनीतल्या हॅनोव्हरचे हान्स बोर्स्ट यांना एक नेहमीचा त्रास होता. वळणाची धमनी बदलून काही महिन्यांनी खालचा भाग बदलायला जावं, तर जुन्या सांध्याभोवती सगळं चिकटून बसलेलं असायचं. तिथे चिमटा लावायला जागा करताना धमनी फाटायची भीती. मग त्यांनी पहिल्याच शस्त्रक्रियेत नळीचा जास्तीचा तुकडा खालच्या धमनीच्या आत मोकळा लोंबता सोडायला सुरुवात केली. दुसऱ्या वेळी डावीकडून छाती उघडायची, ते लोंबतं टोक पकडायचं आणि पुढची नळी त्याला शिवायची. जुन्या सांध्याला हातही लावायचा नाही. १९८३ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं आणि त्या लोंबत्या नळीला नाव पडलं हत्तीची सोंड.

मला या क्षेत्रातली ही सर्वांत सुंदर कल्पना वाटते. पहिलं काम करतानाच दुसऱ्या कामाची सोय करून ठेवणं. फक्त एक दुःखाची गोष्ट होती. दुसऱ्या शस्त्रक्रियेपर्यंत बरेच रुग्ण पोचायचेच नाहीत. काहींची धमनी मधल्या काळात फुटायची, काही पुन्हा चिरा द्यायला तयार व्हायचे नाहीत.

१९९० च्या दशकात जपानी शल्यविशारदांनी सोंडेच्या टोकाला स्टेंट जोडला, आणि २००३ मध्ये हॅनोव्हरच्याच चमूने या पद्धतीला 'गोठलेली सोंड' असं नाव दिलं. मराठीत मी 'ताठ सोंड' म्हणतो, कारण सोंड आता लोंबत नाही. आतल्या जाळीमुळे उघडून भिंतीला टेकते. आज या नळ्या तयारच मिळतात. वरचा भाग शिवायच्या कापडाचा, मेंदूच्या रक्तवाहिन्यांसाठी फांद्या असलेला. खालचा दहा ते पंधरा सेंटिमीटर जाळीचा.

हे बसवताना काय होतं? आधी छाती मधोमध उघडतात. पूर्वी शस्त्रक्रिया झालेली असेल तर जुनी नळी हाडाच्या मागे चिकटलेली असते, त्यामुळे छाती उघडण्याआधीच काखेतून किंवा जांघेतून हार्ट-लंग मशीन जोडून ठेवतात. मग शरीर थंड करायचं, साधारण २५ अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे पेशींची ऑक्सिजनची गरज कमी होते. त्यानंतर काही काळ, बहुतेकदा अर्धा-पाऊण तास, शरीराच्या खालच्या भागाचा रक्तप्रवाह पूर्ण थांबवतात. मेंदूला मात्र काखेतल्या आणि मानेतल्या धमन्यांमधून वेगळं रक्त चालू असतं. त्या काळात माझी नजर कपाळावर लावलेल्या, मेंदूतला ऑक्सिजन दाखवणाऱ्या पट्ट्यांवरून हलत नाही.

वळण कापलं की शल्यविशारद वरून थेट खालच्या धमनीत पाहतो. दोन्ही पोकळ्या आणि मधला पडदा समोर दिसतात. मिटलेला स्टेंट खऱ्या पोकळीत सरकवून उघडतात, कापडाची कड धमनीला गोलाकार शिवतात, लगेच खालचा रक्तप्रवाह सुरू करतात, आणि मग मेंदूच्या फांद्या एकेक करून जोडतात. कापडाची कड धमनीला शिवतात त्या सांध्याची जागा बरेचजण आता मुद्दाम हृदयाच्या जवळ घेतात. खोलात शिवताना स्वरयंत्राची डावी नस दुखावते आणि आवाज बसतो, आणि रक्तस्राव झाला तर तिथे हात पोचत नाही.

काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी दुसरा टप्पा होतो. आता वर कापडात गुंडाळलेली, टाक्यांनी पक्की केलेली, सरळ जागा तयार आहे. जांघेतून नेलेला पुढचा स्टेंट ताठ सोंडेच्या आत पाय रोवतो आणि खाली पोटाच्या फांद्यांच्या वरपर्यंत जातो. ज्या धमनीला वरून पकड नव्हती, तिला आता ती मिळालेली असते. हा टप्पा रुग्णाला पहिल्याच्या मानाने खूप हलका जातो.

प्रत्येकाला एवढं सगळं लागत नाही. 'बी' प्रकारात वर चढणारा भाग चांगला असेल, तर मानेत छोटा चिरा देऊन मेंदूच्या धमनीपासून डाव्या हाताच्या धमनीला बायपास देतात आणि मग स्टेंट त्या फांदीवरून पुढे नेतात. हेही दोन्ही तंत्रांचं एकत्रीकरणच, फक्त छाती न उघडता. नगरपालिका रस्त्याखालची जुनी पाइपलाइन बंद करण्याआधी घराघराची जोडणी दुसऱ्या लाइनवर घेते, तसंच. पोटातही हे करता येतं. ओटीपोटातल्या चांगल्या धमनीपासून आतड्यांना आणि मूत्रपिंडांना नळ्या न्यायच्या आणि मग सगळ्यावरून स्टेंट टाकायचा. १९९९ मध्ये लॉस एंजेलिसहून ही पद्धत मांडली गेली तेव्हा फार आशा होत्या, पण एवढं पोट उघडणं अशक्त रुग्णांना सोसत नाही असं दिसलं. फांद्यांसाठी भोकं किंवा बाह्या ठेवलेले स्टेंट आल्यापासून तिचा वापर निवडक रुग्णांपुरता राहिला आहे.

पायांची भीती

मला स्वतःला सर्वांत जास्त काळजी मज्जारज्जूची असते. तिला रक्त देणाऱ्या बारीक फांद्या छातीतल्या महाधमनीच्या मागच्या बाजूने निघतात. स्टेंटने जितकी लांबी झाकली, तितक्या फांद्या बंद होतात. म्हणूनच ताठ सोंड हवी तितकी लांब घेत नाहीत. म्हणूनच दोन टप्प्यांत अंतर ठेवणं हिताचं ठरतं, कारण त्या काळात आजूबाजूच्या फांद्या जाड होऊन रक्ताची नवी वाट तयार करतात. डाव्या हाताची धमनी सांभाळतात तेही यासाठी, कारण तिच्यातूनही मज्जारज्जूला रक्त जातं.

जोखीम जास्त असेल तर कमरेतून बारीक नळी घालून मणक्यातलं पाणी थोडं थोडं काढत राहतो, म्हणजे आतला दाब कमी होऊन रक्ताला वाट मिळते. शुद्धीवर आल्यावर "पाय हलवा" असं आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो ते याच कारणाने. बीपीही पहिले काही दिवस मुद्दाम थोडं वर ठेवतो. आयुष्यभर बीपी खाली ठेवा म्हणणारे डॉक्टर आता वर का ठेवतात, असा प्रश्न नातेवाइकांना पडतो, आणि तो बरोबरच आहे. त्या काही दिवसांपुरती मज्जारज्जूची गरज मोठी असते.

घरी गेल्यावर

उपचारानंतरही खालच्या भागात पडदा उरलेला असतो. स्टेंटचं खालचं टोक त्या ताठ पडद्याला घासून नवी चीर पाडू शकतं. म्हणून ठरलेल्या वेळी सीटी काढणं चुकवू नका, आणि दर वेळी जुन्या सीटीची सीडी बरोबर न्या. नुसत्या रिपोर्टवरून आधीची रुंदी नीट ताडता येत नाही.

वरचं बीपी बहुतेकांना १२०-१३० च्या आत ठेवायला सांगतात आणि नाडी हळू करणाऱ्या गोळ्या देतात. त्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. अजून एक, आपल्याकडे फार महत्त्वाचं: सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लेव्होफ्लॉक्सॅसिन या वर्गातली अँटिबायोटिक्स मेडिकलमधून सहज आणली जातात. महाधमनीच्या रुग्णांनी ती शक्यतो टाळावीत, अशी सूचना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१८ मध्ये दिली आहे. कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी आपल्याला महाधमनीचा आजार आहे हे आधी सांगा.

रिपोर्टमध्ये खोट्या पोकळीविषयी एक ओळ असतेच. ती पूर्ण गोठली असेल तर चांगलं. 'पार्शियली थ्रॉम्बोज्ड', म्हणजे अर्धवट गोठलेली, असं लिहिलं असेल तर अर्धं काम झालं असं समजून निश्चिंत होऊ नका. गुठळीने बाहेर जायची वाट बुजली आणि आत यायची वाट उघडी राहिली, तर आतला दाब वाढू शकतो. ती ओळ डॉक्टरांना दाखवा आणि विचारा, रक्त कुठून आत येतंय?